मोटारगाडीची चढती-उतरती एरियल

ध्वनिक्षेपणकेंद्रात उच्चारलेला शब्द श्रोत्याच्या कानी पडण्यापूर्वी बराच मोठा प्रवास करून येतो. मायक्रोफोन, ध्वनिवर्धक, नियंत्रणकक्ष, क्षेपकयंत्र आणि आकाशात उंच गेलेला मनोरा हे त्या प्रवासातील टप्पे होत. यांतील प्रत्येक टप्प्याची निगा राखण्यासाठी तज्ज्ञ माणसे नेमलेली असतात. शेवटचा टप्पा मात्र श्रोत्याच्याच हाती असतो. तो म्हणजे एरियल. घरातील रेडिओसाठी गच्चीवर ताणलेली तार हे काम करी. मोटारगाडीतील रेडिओसाठी ते हात-दीड हात लांबीच्या धातूच्या दांडीने केले. ही दांडी मोडली, गंजली किंवा अर्ध्यावर अडकली, तर पलीकडे शेकडो किलोवॉट शक्तीचा क्षेपक व्यवस्थित चालू असूनही गाडीतील श्रोत्याच्या वाट्याला खरखरच येते.

या दांडीचे एक विशेष रूप म्हणजे आपोआप वर येणारी व आपोआप आत जाणारी एरियल. रेडिओचे बटण फिरवावे, की गाडीच्या मडगार्डमधून किंवा डिकीच्या कडेने बारीक घरघर करीत एक चकचकीत दांडी वर सरकू लागते; रेडिओ बंद करावा, की ती एकेक पेर आवरीत पुन्हा अदृश्य होते. मर्सिडीज, कॅडिलॅक, होंडा, टोयोटा अशा परदेशी बनावटीच्या अनेक गाड्यांवर, विशेषतः १९७० ते १९९० च्या दशकांत, ही सोय असे. त्या गाड्या आता जुन्या झाल्या आहेत. परंतु त्यांपैकी पुष्कळ अजून रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्या मालकांना एक प्रश्न हमखास पडतो. एरियल अर्ध्यावर अडकून कडकड आवाज करू लागली, की काय करावे? पुष्कळदा सगळे यंत्रच बदलण्याचा सल्ला मिळतो; काही वेळा तर दांडी कापून टाकून भोक बुजवले जाते. वास्तविक अशा बहुतेक प्रसंगी यंत्र शाबूत असते, आणि बिघडलेली असते ती केवळ नायलॉनची एक दोरी. ती दोरी काय काम करते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला दुरुस्ती अवघड नाही.

गाडीला बाहेर एरियल का लागते, हे प्रथम पाहिले पाहिजे. धातूच्या पेटीच्या आत बाहेरचे विद्युत्क्षेत्र पोहोचत नाही, हे मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३६ साली प्रयोगाने दाखवून दिले होते. मोटारगाडी ही काचेच्या खिडक्या असलेली अशीच एक पोलादी पेटी होय. आखूड लांबीच्या लहरी खिडक्यांवाटे काही प्रमाणात आत शिरतात. मध्यम लहरींना मात्र ती वाट अपुरी पडते. हातातला ट्रान्झिस्टर घेऊन कोणी गाडीत बसले, तर बाहेर स्वच्छ ऐकू येणारे मध्यम लहरींवरील केंद्र आत क्षीण होते, त्याचे कारण हेच.

गाडीतील रेडिओचा व्यापारी प्रसार सुरू झाला तो अमेरिकेत. शिकागो येथील पॉल व जोसेफ गॅल्विन या बंधूंनी १९३० साली ‘मोटोरोला’ या नावाने मोटारगाडीसाठी रेडिओ बाजारात आणला. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांच्या छताचा मधला भाग कापडाचा असे. त्याच्या अस्तरात तारेची जाळी बसवली, की तीच एरियलचे काम करी. पुढे १९३५ च्या सुमारास अमेरिकेत अखंड पोलादी छताच्या गाड्या निघू लागल्या. छत बळकट झाले, पण त्याखालची जाळी निरुपयोगी ठरली. कोणी गाडीच्या तळाशी, पायरीखाली एरियल बांधून पाहिली. तिथे चिखल आणि दगड यांचा मारा होई. अखेर एरियल गाडीबाहेर उभी राहिली, ती दांडीच्या रूपाने.

ही दांडी किती लांब असावी, याचे उत्तर लहरींच्या लांबीत आहे. रेडिओलहरी दर सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर वेगाने जातात. दर सेकंदाला १० लक्ष कंपने करणाऱ्या मध्यम लहरीची लांबी ३०० मीटर भरते. एरियलची लांबी लहरीच्या एक-चतुर्थांश असली तर ती उत्तम काम देते, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे या लहरीसाठी ७५ मीटर उंचीची दांडी हवी. गाडीवर ते अशक्यच. एफ. एम. पद्धतीचे क्षेपण मात्र दर सेकंदाला सुमारे १० कोटी कंपनांच्या आसपास चालते. तिथे लहरीची लांबी ३ मीटर, आणि तिचा चौथा भाग ७५ सेंटिमीटर. भारतात एफ. एम. क्षेपणाचा आरंभ १९७७ साली मद्रास येथे झाला. गाडीवरील दांडी साधारण याच मापाची असते, हा काही योगायोग नव्हे.

मध्यम लहरींच्या दृष्टीने ही दांडी फारच तोकडी ठरते. तिच्यात निर्माण होणारा विद्युत्दाब अत्यल्प असतो, आणि तो दांडीच्या उंचीबरोबर वाढतो व उंचीबरोबर घटतो. म्हणून अर्धी वर आलेली एरियल ही केवळ दिसायला वाईट असते असे नाही. दूरचे केंद्र ऐकणाऱ्याच्या दृष्टीने निम्मी दांडी म्हणजे जवळजवळ निम्मी श्रवणशक्तीच होय.

मग एवढी उपयुक्त दांडी कायम बाहेर का ठेवू नये? त्याची कारणे व्यवहारातली आहेत. उभी दांडी झाडाच्या फांदीला अडते, ठेंगण्या गॅरेजच्या छताला घासते, गाडी धुण्याच्या यंत्रातील ब्रशात सापडून वाकते. रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीची दांडी जाता-येता मोडून टाकणारे हातही सर्व देशांत आढळतात. म्हणून दुर्बिणीच्या नळकांड्यांप्रमाणे एकात एक सरकणारी दांडी आली. आरंभी ती हाताने वर ओढावी लागे. पुढे काही अमेरिकन गाड्यांत इंजिनातील निर्वाताच्या जोरावर ती वर-खाली करण्याची युक्ती योजली गेली. त्यानंतर हे काम विद्युत-मोटरकडे आले आणि तिच्याकडेच राहिले.

आता यंत्राच्या अंतरंगाकडे वळावे. वर दिसणारी दांडी ही पितळ किंवा पोलाद यांच्या, मुलामा दिलेल्या तीन ते सहा नळ्यांची बनलेली असते. सर्वांत वरची, सर्वांत बारीक काडी. तिच्या टोकाला एक गोल गुंडी. ही सगळी पेरे मिटली म्हणजे मडगार्डखाली बसवलेल्या एका जाड नळीत मावतात. त्या नळीच्या पायथ्याशी एक चपटी डबी असते. डबीत एक गोल पोकळी, एक दातेरी चाक आणि त्याला जोडलेली छोटी मोटर असते. दांडी आणि चाक यांच्यामध्ये दुवा असतो तो नायलॉनच्या दोरीचा. दोरीचे वरचे टोक त्या सर्वांत बारीक काडीला आतून घट्ट बसवलेले असते. दोरीच्या एका अंगाला बारीक दाते कोरलेले असतात, आणि ते डबीतील चाकाच्या दात्यांत अडकतात.

इथे एक शंका कोणाच्याही मनात यावी. दोरीने ओढता येते. ढकलता कसे येईल? विहिरीत सोडलेल्या दोराने बादली वर येते, पण दोर ढकलून बादली खाली दाबता येत नाही. एरियलची दोरी मात्र दांडीला ढकलून वर चढवते. याचे रहस्य दोरीत जेवढे आहे, तेवढेच तिच्या भोवतालच्या नळीत आहे. दोरीला ढकलले की ती बाजूला वाकू पाहते. पण चहूबाजूंनी नळीच्या भिंती असल्या, म्हणजे वाकण्यास जागाच उरत नाही. मग जोर सरळ पुढे जातो. मोटर एका बाजूस फिरली, की चाक दोरीला नळीत वर सारते. बारीक काडी वर जाते; तिची सीमा संपली, की ती आपल्या खालच्या नळीला बरोबर घेते, ती तिच्या खालच्या नळीला. मोटर उलट फिरली, की तीच दोरी काडीला खाली ओढते. काडीची गुंडी पुढच्या नळीच्या तोंडावर टेकते व तिला खाली दाबते. अशा रीतीने सगळी पेरे मिटतात, आणि दोरी डबीतील पोकळीत वेटोळे घालून बसते.

हे सारे घडते ते एका अटीवर. नळ्या एकमेकींत सहज सरकल्या पाहिजेत. धूळ, गंज किंवा एखादा पोचा यांमुळे घर्षण वाढले, की दोरीला अधिक जोराने ढकलावे लागते. जोर मर्यादेबाहेर गेला, की ती जिथे थोडी मोकळी जागा सापडेल तिथे दुमडते, किंवा तिचे दाते झिजून जातात. यंत्राच्या बहुसंख्य दुखण्यांचे मूळ येथे आहे.

दोरी नायलॉनचीच का, यालाही कारण आहे. नायलॉन हा पदार्थ अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांनी १९३५ साली तयार केला. तो चिवट आहे, पुन्हा पुन्हा वाकवला तरी लवकर तुटत नाही, आणि धातूवर घासताना फारसा अडत नाही. त्याहून महत्त्वाचा गुण असा, की तो विजेचा दुर्वाहक आहे. एरियलची दांडी गाडीच्या पत्र्यापासून विजेच्या दृष्टीने अलग राहिली पाहिजे. नाहीतर तिने पकडलेला क्षीण संदेश रेडिओपर्यंत न जाता पत्र्यात विरून जाईल. पोलादी तार वापरली असती, तर दांडीचा संबंध खालच्या यंत्राशी जुळला असता. नायलॉनने तो प्रश्न मुळातच मिटवला. कालांतराने मात्र, उन्हाच्या तापाने व वयोमानाने, नायलॉनही ठिसूळ होते.

मोटर आणि दातेरी चाक यांच्यामध्ये बहुधा एक मळसूत्री दंड असतो. मोटर फार वेगाने पण कमी जोराने फिरते. मळसूत्री दंड तो वेग कमी करून जोर वाढवतो. त्याचा आणखी एक उपयोग आहे. चाक मळसूत्राला उलट फिरवू शकत नाही, म्हणून वेगाने जाणाऱ्या गाडीवर वाऱ्याने किंवा कोणी हाताने दाबल्याने दांडी खाली जात नाही. यासाठीच अशी एरियल हाताने बळेच आत ढकलू नये. तसे केल्यास दोरीचे दाते तुटतात.

दांडी शेवटापर्यंत पोहोचली, तरी मोटर क्षणभर फिरतच असते. तेव्हा स्प्रिंगच्या दाबाने एकत्र धरलेला क्लच घसरतो आणि ‘कट-कट’ असा आवाज येतो. एरियल वर पोहोचल्यावर असे दोन-चार आवाज होणे हे निरोगीपणाचेच लक्षण आहे. त्यानंतर मोटरचा प्रवाह तोडला जातो. काही यंत्रांत हे काम चाकाच्या फेऱ्यांबरोबर सरकणारा मर्यादा-स्विच करतो. काहींत ठरावीक सेकंदांनंतर प्रवाह बंद होतो. काहींत मोटरवर ताण येऊन प्रवाह वाढला, की इलेक्ट्रॉनिक मंडल ते ओळखून तिला थांबवते.

राहता राहिला प्रश्न आज्ञेचा. एरियलला रेडिओ चालू झाल्याचे कळते कसे? पूर्ण स्वयंचलित एरियलला, रेडिओकडे जाणारी केबल सोडून, मुख्यतः तीन तारा लागतात. पहिली बॅटरीकडून येणारी. तिच्यात वीज सदैव असते. दुसरी पत्र्याला जोडलेली, म्हणजे अर्थिंगची. तिसरी रेडिओकडून येणारी, निरोपाची तार. रेडिओ चालू झाला, की या तिसऱ्या तारेत १२ व्होल्टचा दाब येतो, रिले ओढला जातो, आणि मोटर वर नेण्याच्या दिशेने फिरते. रेडिओ बंद झाला, की निरोप थांबतो, रिले सुटतो, आणि मोटर उलट फिरते. गाडीची किल्ली काढून घेतल्यावरही एरियल खाली येऊ शकते, ती पहिल्या तारेत वीज कायम असते म्हणून. ज्या एरियलसाठी चालकासमोर वेगळे बटण असते, तिची रचना याहून साधी असते.

जुना रेडिओ काढून नवा बसवला, की एरियल रुसते, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. अशा वेळी दोष बहुधा एरियलचा नसतो. निरोपाची तार चुकीच्या ठिकाणी जोडली, तर एरियल गाडी चालू असेपर्यंत वरच राहते; जोडायची राहिली, तर वर येतच नाही. येथे एक धोकाही सांगून ठेवला पाहिजे. रेडिओतून येणारी निरोपाची तार फार थोडा प्रवाह देऊ शकते. तो रिले ओढण्यापुरता असतो. तिच्यावर थेट मोटर जोडली, तर रेडिओच्या आतील मंडल जळण्याचा संभव असतो.

आता निदानाकडे येऊ. कुशल मिस्त्री पाना हाती घेण्यापूर्वी कान लावतो. रेडिओ चालू केला आणि काहीच आवाज झाला नाही, तर दोष विजेचा असावा. प्रथम फ्यूज पाहावा. मग चाचणीचा दिवा घ्यावा. त्याचे एक टोक स्वच्छ पत्र्याला लावून दुसरे टोक सदैव वीज असलेल्या तारेला लावावे. दिवा लागला पाहिजे. निरोपाच्या तारेवर तो रेडिओ चालू असतानाच लागला पाहिजे. दोन्ही ठीक असतील, तर यंत्राच्या अर्थिंगच्या तारेच्या जागी तात्पुरती दुसरी तार पत्र्याला जोडून पाहावी; गंजलेले अर्थिंग हे मोटर मुकी होण्याचे एक नेहमीचे कारण आहे. हे सर्व योग्य असूनही मोटर हलली नाही, तरच दोष रिलेत किंवा मोटरीत आहे असे म्हणता येते.

मोटरची घरघर नीट ऐकू येते, पण दांडी जागची हलत नाही, तर दोरी तुटली आहे किंवा तिचे दाते गेले आहेत असे समजावे. दांडी काही अंतर वर येऊन थांबते आणि कट-कट चालूच राहते, तर नळ्यांत मळ आहे, दांडी वाकली आहे, किंवा दोरी दुमडली आहे. दांडी वर पोहोचते पण मोटर थांबतच नाही, तर मर्यादा-स्विच बिघडला आहे. अशा वेळी फ्यूज ताबडतोब काढून ठेवावा, अन्यथा बॅटरी उतरेल व मोटर जळेल. अशा रीतीने शांतता, घरघर आणि कटकट या तीन खुणांनी बहुतेक रोगांची वर्गवारी होते.

दोरी तुटली असेल, तर दोरीसह नवी दांडी बसवणे हा उपाय. ती पूर्ण यंत्रापेक्षा बरीच स्वस्त मिळते, आणि पुष्कळ गाड्यांत ती बसवण्यासाठी यंत्र बाहेर काढावे लागत नाही. मात्र ती त्या विशिष्ट गाडीचीच असावी. दोरीची जाडी, दात्यांचे अंतर व लांबी यांत फरक असतो. काम दोघांचे आहे. एकाने रेडिओच्या बटणाशी बसावे, दुसऱ्याने एरियलपाशी उभे राहावे. प्रथम भोवतालच्या रंगावर जाड फडके पसरावे. दांडीच्या मुळाशी असलेला नट सोडवावा. मग आतल्याने रेडिओ चालू करावा. नट नसल्यामुळे दांडी वर येऊन थांबत नाही. ती दोरीसकट बाहेर पडते, आणि तीही कधी कधी झटक्याने. म्हणून चेहरा दांडीच्या रेषेत असता कामा नये. दोरी बाहेर येत असता तिचे दाते कोणत्या बाजूस आहेत, हे नीट पाहून ठेवावे. नवी दोरी त्याच बाजूस दाते करून घालावयाची असते.

जुनी आणि नवी दोरी शेजारी ठेवून लांबी ताडून पाहावी. जुनी आखूड भरली, तर उरलेला तुकडा आतच आहे असे ओळखावे. दाते शाबूत असले, तर मोटर तो तुकडा वर आणून देते, व लांब चोचीच्या पकडीने तो उचलता येतो. लांबी जुळली, की पुढचे काम सोपे आहे. नवी दांडी पूर्ण उघडी ठेवून दोरी नळीत सोडावी. ती खाली जाता जाता एका ठिकाणी अडल्यासारखी वाटते. तिथे चाक आहे. आता आतल्याने रेडिओ बंद करावा. मोटर उलट फिरू लागते, चाकाचे दाते दोरी पकडतात, आणि हातातली दोरी आत ओढली जात असल्याचे बोटांना जाणवते. पकड बसली नाही, तर दोरी किंचित फिरवून हलके दाबावे. जोर करू नये. मोटर आधीच थांबली, तर रेडिओ पुन्हा चालू करून बंद करावा. दोरी आत गेली, की दांडी सरळ धरून नळीत उतरू द्यावी, तिची बुशी जागेवर बसवावी, नट आवळावा, आणि एरियल चार-पाच वेळा वर-खाली करून पाहावी.

तुकडा बाहेर आलाच नाही, तर यंत्र उघडणे भाग पडते. बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडवावी. नंतर विजेचा प्लग व एरियलची केबल काढून यंत्र खालून उतरवावे. डबीचे झाकण स्क्रूंनी, तर काही यंत्रांत रिव्हेटांनी बसवलेले असते. आतील वॉशर, स्प्रिंग व चकत्या ज्या क्रमाने निघतील, त्याच क्रमाने वर्तमानपत्राच्या कागदावर मांडून ठेवाव्यात. दोरीचे तुकडे व तुटलेल्या दात्यांचा चुरा पूर्ण काढावा. मागे राहिलेला एक कण नव्या दोरीचा नाश करण्यास पुरेसा असतो. वाळून मेणासारखे झालेले जुने ग्रीस पुसून काढावे, पण प्लॅस्टिकच्या भागांना थिनर लावू नये. मोटरचे ब्रश झिजले आहेत काय, रिलेचे बिंदू काळवंडले आहेत काय, हेही याच वेळी पाहून घ्यावे. नवे ग्रीस बेताचेच लावावे.

एखादे वेळी एरियल उत्तम वर-खाली होते, पण ऐकू काहीच येत नाही. तिथे यंत्राचा संबंध नाही. संदेशाची वाट तपासावी लागते. दांडीच्या पायथ्याशी तिला स्पर्श करणारी स्प्रिंगची पट्टी गंजली असेल, किंवा केबल आत तुटली असेल. इंजिनाच्या वेगाबरोबर खरखर वाढत-घटत असेल, तर एरियलच्या बुडख्याचा पत्र्याशी असलेला संबंध पाहावा. मडगार्डच्या आतील बाजूस रंग व गंज खरवडून उघडा धातू लागला, की ती खरखर पुष्कळदा कमी होते. जुन्या पद्धतीच्या रेडिओंत एरियलशी मेळ घालण्यासाठी एक लहानसा स्क्रू असतो. एरियल पूर्ण वर करून, पट्ट्याच्या वरच्या टोकाकडील एखादे क्षीण केंद्र लावावे, आणि आवाज सर्वांत मोठा होईल अशा ठिकाणी तो स्क्रू सोडावा.

हे सारे प्रसंग टाळावयाचे असतील, तर एक साधी सवय पुरते. महिना-दोन महिन्यांतून एकदा दांडी पूर्ण वर करून प्रथम कोरड्या, मग हलक्या तेलात किंचित भिजवलेल्या फडक्याने पुसावी, आणि शेवटी ते तेलही टिपून घ्यावे. ग्रीस कधीही लावू नये. ग्रीसवर धूळ बसते, ती दांडीबरोबर नळीत जाते, आणि मळाचा लेप बनून दोरीचा काळ ठरते. पावसाचे पाणी नळीत उतरणारच. ते वाहून जाण्यासाठी तळाशी एक छिद्र किंवा रबरी नळी ठेवलेली असते. ती वाट चिखलाने बुजली, तर पाणी डबीत साठून मोटरला गिळते. पावसाळ्यापूर्वी ती वाट मोकळी करणे हे पाच मिनिटांचे काम आहे. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी तर ते चुकवू नये.

नव्या गाड्यांवर आता ही एरियल दिसत नाही. १९७० च्या सुमारासच अमेरिकेत काही गाड्यांच्या समोरच्या काचेत बारीक तारांची एरियल बसवली जाऊ लागली होती. पुढे मागच्या काचेवरील रेषा, आखूड रबरी दांडी, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून छतावरील माशाच्या परासारखी उंचवट्याची पेटी असे बदल होत गेले. लांबीतली उणीव ध्वनिवर्धकाच्या साहाय्याने भरून काढणे आता स्वस्त झाले आहे. हलणारा भाग नाही, म्हणून अडकण्याचा प्रश्न नाही. हा लाभ मोठा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्या बंद पेटीत काही बिघडले, तर ती सहसा उघडली जात नाही, बदलली जाते. जुन्या एरियलचे तसे नाही. ती वारंवार बिघडत असे. पण काय बिघडले ते आपल्या आवाजाने सांगत असे, आणि पाना, फडके व थोडा धीर असलेल्या माणसाला ती पुन्हा उभी करता येई.

ज्यांच्याजवळ अशी गाडी आहे, त्यांनी सगळे यंत्र बदलण्याचा निर्णय घेण्यापूर्वी रेडिओ चालू करून एवढेच ऐकावे : मोटर फिरते आहे काय? ती फिरत असेल, तर बहुधा यंत्र जिवंत आहे, आणि खर्च एका दोरीचा व एका दांडीचा आहे.